बी.ए. सायकॉलॉजी आणि सातबाऱ्यावरचा बोजा

मे महिन्यातल्या एका रविवारी मामा सकाळी आठलाच माझ्या दारात उभे. निफाडकडून पहिली एसटी पकडून आले होते. पिशवीत दोन गोष्टी होत्या. एक, पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक. दुसरी, घरच्या द्राक्षबागेचा सातबारा. चहा टाकेपर्यंत त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि म्हणाले, "तू यातलीच ना बाई. तूच सांग, जमेल का?"

मामेबहिणीला बी.ए. सायकॉलॉजी करायचं होतं. फी वर्षाला पावणेतीन लाख, हॉस्टेल आणि मेस धरून आणखी सव्वा लाख. म्हणजे वर्षाला चार, तीन वर्षांचे बारा लाख. मामांनी हिशेब करून ठेवला होता. साडेसात लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, तेवढं शैक्षणिक कर्ज. उरलेले साडेचार लाख पतसंस्थेकडून, बागेवर बोजा चढवून.

आमच्या घरात सायकॉलॉजी शिकलेली मी एकटीच. मी नाशिकमध्येच बी.ए. केलं, मग एम.ए. २०१६ साली एका शाळेत समुपदेशक म्हणून लागले तेव्हा महिन्याला अकरा हजार मिळायचे, तेही मे महिना वगळून. पण माझ्या बी.ए.ची तीन वर्षांची फी सगळी मिळून एका स्मार्टफोनच्या किमतीत बसली असती. त्यामुळे अकरा हजारांचं वाईट वाटलं तरी त्यांची भीती कधी वाटली नाही. मामांच्या प्रश्नाला म्हणूनच मला पटकन उत्तर देता येईना. माझी आणि तिची पदवी एकच होती, फक्त तिच्या पदवीला हप्ता होता.

मी त्यांना म्हटलं, आठ दिवस द्या. ते आठ दिवस मी वाचत बसले. आपल्याकडे शिक्षणासाठी पैसे कोण देत होतं, कशाच्या बदल्यात देत होतं, आणि ते फेडायची वेळ आली की काय व्हायचं?

सुरुवात एका कराराने करते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुण पदवीधराला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्या बदल्यात करारावर सही होती: शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. नाशिककरांना बाबासाहेब आठवतात ते १९३०च्या काळाराम मंदिर सत्याग्रहासाठी आणि १९३५च्या येवल्याच्या घोषणेसाठी. पण त्याआधीचे बाबासाहेब आपल्यासारखेच होते, शिक्षणाच्या पैशाखाली वाकलेले.

आजच्या भाषेत हा बाँड. पण त्यात एक गोष्ट होती जी मामांच्या कागदांत नव्हती. पैसे देणारा आणि नोकरी देणारा एकच होता. संस्थानाने पैसे लावले ते आपल्याच दरबारात माणूस हवा म्हणून. फेडायचं होतं ते कामातून. काम मिळेल की नाही, ही चिंता कर्ज घेणाऱ्याची नव्हतीच.

करार मोडला तोही याच सांध्यात. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला रुजू झाले. राहायला जागा कोणी देईना. पारशी धर्मशाळेत पारशी म्हणून राहिले, ते उघडकीला आल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. कचेरीतली वागणूक तर सर्वांना ठाऊक आहे. नोकरी होती, पगार होता, आणि तरीही दहा वर्षं सोडा, काही आठवडेही ती करता आली नाही. पुढे दरबाराकडून पैशाची मागणी आली. म्हणजे ज्या समाजाने काम करू दिलं नाही त्याचा हिशेब कर्जदाराच्या नावावर. मुंबईत १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार ४५० रुपये. त्यातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत घेऊन आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. शिकलेल्या माणसानेच दुसऱ्यांदा कर्ज काढलं, याकडे माझं लक्ष पूर्वी गेलं नव्हतं.

त्याच १९२० साली शाहू महाराज नाशिकला आले होते, उदाजी मराठा वसतिगृहाच्या पायाभरणीला. गंगापूर रोडने जाताना मविप्रच्या इमारती दिसतात. ती संस्था १९१४ची. त्या पिढीने शिक्षणाच्या खर्चाचं दुखणं नेमकं ओळखलं होतं. फी परवडत नव्हतीच, पण खेड्यातल्या मुलाला खरं अडवायचं ते शहरातलं राहणं आणि जेवणं. म्हणून आधी बोर्डिंग, मग बाकीचं. रयतच्या भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे 'कमवा आणि शिका' चालवलं तेही याच समजुतीतून. (माहितीपत्रकातलं हॉस्टेल वातानुकूलित होतं. मामा त्यावर बोट ठेवून म्हणाले होते, "आपल्या कोल्ड स्टोरेजसारखं.")

१९२४ साली गोखले एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज नाशिकमध्ये निघालं, आजचं एचपीटी. गावात राहून बी.ए. होता येऊ लागलं. त्या काळी 'बी.ए. झालेला' हे शब्द लोक पाटीवर, पत्रिकेवर लावत. नोकरी मात्र पदवीच्या मागोमाग चालत यायची असं नाही. वि. वा. शिरवाडकर याच कॉलेजातून बी.ए. झाले. मग नाशिकच्या गोदावरी सिनेटोनसाठी पटकथा लिहिली, 'सती सुलोचना'त लक्ष्मणाचं कामही केलं. ते जमलं नाही तेव्हा एकामागून एक साप्ताहिकं आणि दैनिकं केली. ज्ञानपीठ मिळालेल्या कुसुमाग्रजांचा हा पहिला बायोडेटा कुणा एचआरवाल्याच्या हातात पडला असता तर 'स्थैर्य नाही' असा शेरा मिळाला असता. पण त्या भटकंतीत त्यांना कुणाचा हप्ता भरायचा नव्हता, एवढी मोकळीक तरी होती.

स्वातंत्र्याच्या आसपास पैसे देणारा बदलला. १९४४ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. त्यामागे तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असलेल्या आंबेडकरांचा रेटा होता. बडोद्याच्या करारावर सही केलेल्या माणसाने पुढच्यांसाठी मिळवलेल्या या पैशाला नोकरीचा बाँड नव्हता. मग यशवंतराव चव्हाणांच्या काळात ईबीसी सवलत आली. वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या घरातल्या मुलाची फी माफ. आपल्या आजोबांच्या पिढीत ईबीसीवर शिकलेला माणूस नसेल असं मराठी घर शोधावं लागेल. माझे स्वतःचे आजोबा त्यातलेच, शेवटपर्यंत झेडपीचे मास्तर.

कर्जही होतं, पण वेगळं. १९६३ साली केंद्र सरकारने हुशार आणि गरजू मुलांसाठी बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती काढली. तिच्यात एक कलम होतं ज्याच्यापाशी मी बराच वेळ थांबले. कर्ज घेणारा शिक्षक झाला, तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा दहावा भाग माफ. सरकारला ठाऊक होतं की काही कामं गरजेची असतात आणि त्यांत पैसा नसतो. त्या तुटीचा वाटा त्याने स्वतः उचलला. वसुली फार वाईट झाली आणि योजना यथावकाश बंद पडली, हेही खरं.

आता सायकॉलॉजीकडे. आपल्याकडचा या विषयाचा पहिला स्वतंत्र विभाग १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात उघडला. नरेंद्रनाथ सेनगुप्ता हार्वर्डमधून शिकून आले होते, त्यांनी तो सांभाळला. दुसरा म्हैसूरला, १९२४ साली, म्हणजे आपल्या एचपीटीच्याच वयाचा. तोवर हा विषय तत्त्वज्ञानाच्या ओसरीवर बसलेला पाहुणा होता. बाबासाहेबांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्यूई तत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्ध, पण त्यांचं पहिलं पुस्तक सायकॉलॉजीचं पाठ्यपुस्तक होतं.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३च्या सुमारास, लष्करात अधिकारी निवडायला मानसशास्त्रीय चाचण्या आल्या. भोसला किंवा देवळालीच्या आसपास वाढलेल्या मुलांना एसएसबीतली चित्रं आणि त्यांवर लिहायच्या गोष्टी माहीत असतात. त्या चाचण्या तिथूनच आल्या. देवळालीचं नाव तर इंग्रजीत वेडासाठीच वापरलं जातं. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरायची, त्यावरून 'डूलॅली' हा शब्द निघाला. आपल्या जिल्ह्याने जगाला मनोविकाराचा एक शब्द दिला, आणि तो आपल्यालाच फारसा माहीत नाही.

पण पैशाच्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष १९५५. बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे आजच्या निमहान्समध्ये, रुग्णांसोबत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचं प्रशिक्षण सुरू झालं. ते एम.ए.नंतरचं होतं. तिथून या धंद्याचा जिना ठरला तो ठरलाच. १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने, ज्याला सगळे आरसीआय म्हणतात, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला नोंदणी सक्तीची केली. तीन वर्षं बी.ए., दोन वर्षं एम.ए., मग दोन वर्षांचं एम.फिल., त्याच्याही मोजक्या जागा, असा तो जिना होता. सात वर्षं. इंजिनिअरची पदवी संपली की तो इंजिनिअर असतो. सायकॉलॉजीचं बी.ए. संपलं की हातात जिन्याची पहिली पायरी असते. त्या पायरीवर उभं राहून एचआरमध्ये जाता येतं, एखाद्या संस्थेत प्रकल्पावर काम मिळतं, स्पर्धा परीक्षा देता येतात, बी.एड. करता येतं. यातलं काहीच कमी दर्जाचं नाही. माझ्या वर्गातली एक जण अंबडच्या कारखान्यात एचआरला आहे आणि माझ्या दुप्पट कमावते. पण यांतलं प्रत्येक काम इतर कुठल्याही बी.ए.लाही मिळतं. माहितीपत्रकावर खुर्चीत बसलेला डॉक्टरसारखा माणूस आणि समोर रडणारी बाई होती. ते चित्र सात वर्षांनंतरचं. किंमत छापली होती पहिल्या तीन वर्षांची.

मला वाटतं गोंधळ इथेच होतो. आपण 'या डिग्रीला पगार किती' असं विचारतो, पण या डिग्रीचा स्वतःचा असा पगारच नाही.

आणि नेमकं याच काळात कर्जाचं रूपही पालटलं. २००१ साली बँकांच्या संघटनेने, आयबीएने, आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली. तोपर्यंत आमच्याकडे कर्ज म्हणजे पीककर्ज, सोसायटी, फार तर ट्रॅक्टर. आता मुलीच्या नावावरही कर्ज काढता येऊ लागलं. चार लाखांपर्यंत तारण नाही, जामीनदार नाही, हप्ता शिक्षण संपल्यावर. हजारो घरांतल्या पहिल्या इंजिनिअर आणि नर्स यातून उभ्या राहिल्या, त्यामुळे योजनेला नावं ठेवायचा माझा विचार नाही. पण बँक संस्थान नव्हे. पैसे देणारा आणि नोकरी देणारा यांची इथे कायमची फारकत झाली. बडोद्याने 'आमच्याकडे काम कर' म्हटलं होतं. बँक म्हणते, कुठेही कर.

२००९ साली केंद्राने साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शिक्षणाच्या काळातलं व्याज स्वतः भरायला सुरुवात केली. चांगली योजना. मात्र तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. साधं बी.ए. त्यात धरत नाहीत. १९६३चं सरकार कमी पगाराच्या कामाला माफी देत होतं. २००९च्या सरकारने, ज्या पदवीतून कमाई होईल तिलाच मदत केली. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या पीएम-विद्यालक्ष्मीत व्याजात तीन टक्के सवलत आहे, आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला, पण निवडक संस्थांपुरती. मामेबहिणीचं विद्यापीठ त्या यादीत मला सापडलं नाही.

मग मी कागदावर मांडलं. दरवर्षी अडीच लाख उचलले, तीन वर्षं, व्याज दहा टक्के. पदवी आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण सरळ व्याज धावत असतं: पहिल्या अडीच लाखांवर चार वर्षांचं एक लाख, दुसऱ्यावर ७५ हजार, तिसऱ्यावर ५० हजार. हप्ता सुरू होतो तेव्हा साडेसात लाखांचे पावणेदहा झालेले. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला साधारण १०,४८०. माझा पहिला पगार अकरा हजार होता, हे आठवतंय ना?

आणि हे बी.ए.वर थांबलं तर. एम.ए. करायचं म्हटलं आणि बँकेने हप्ता आणखी दोन वर्षं थांबवला, तर पावणेदहाचे सव्वाअकरा लाख होतात. हप्ता जवळपास १२,१००, एकूण भरणा पावणेबावीस लाखांच्या घरात. यात एम.ए.ची फी नाही, पतसंस्थेचे साडेचार लाख नाहीत, पुढचं प्रशिक्षण नाही. जिन्याची उंच पायरी, जिथे खरी कमाई सुरू होते, तिथे पोचायच्या आधीच पैसे पहिल्या पायरीवर संपलेले.

दुसरी बाजूही मी लिहून काढली, कारण मामांना घाबरवून परत पाठवायचं नव्हतं. गरज खोटी नाही. निमहान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दहा टक्क्यांहून थोडे जास्त प्रौढ कुठल्या ना कुठल्या मानसिक विकाराने त्या वेळी त्रस्त आढळले. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा आला. २०२१च्या कायद्याने आरसीआयच्या बाहेर राहिलेल्या मानसशास्त्रज्ञांनाही आरोग्य व्यावसायिकांत धरलं. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. हे खरोखर अमलात आलं तर नाशिकमध्येच किती जागा निघतील, विचार करा. पगार किती देतील ते मात्र न्यायालयाने सांगितलेलं नाही.

त्याच वर्षी यूजीसीने मानसशास्त्राचे दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले, कारण २०२१च्या कायद्यामुळे तो आता आरोग्याचा विषय झाला. रुग्णाच्या बाजूने हे बरोबरच आहे. पत्राने शिकून कुणी कुणाचं नैराश्य हाताळू नये. पण नोकरी करत स्वस्तात एम.ए. करायची वाट त्यामुळे बुजली. मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय ज्या गावात आहे तिथे राहून मला हे जरा जास्तच लागलं. माझ्या ओळखीच्या दोन अंगणवाडी सेविका याच वाटेची वाट बघत होत्या.

आठ दिवसांनी मीच निफाडला गेले. बागेची एप्रिल छाटणी होऊन काड्या फुटल्या होत्या. ओट्यावर बसून मी कागद दाखवला. मामेबहीण आधी रुसली. "ताई, तू स्वतः इथे शिकलीस म्हणून मीही इथेच शिकायचं का?" हे तिने मला ऐकवलं, आणि त्यात तथ्य होतं. तिथे प्रयोगशाळा चांगली असेल, शिक्षक जास्त असतील, इंग्रजी सुधारेल, आणि मुख्य म्हणजे घरापासून लांब राहता येईल. अठराव्या वर्षी या शेवटच्या गोष्टीची किंमत कशी लावायची, मला माहीत नाही. मी तिला एवढंच विचारलं की तुला कर्ज काढायचंच असेल, तर ते पहिल्या तीन वर्षांसाठी काढशील की शेवटच्या चारांसाठी?

मामा बराच वेळ सातबाऱ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "औषधाला उधारी करायची ती फळ धरल्यावर. काडी असताना नाही." त्यांना बहुतेक द्राक्षांबद्दलच बोलायचं होतं.

जूनमध्ये तिने नाशिकच्या एका अनुदानित कॉलेजात प्रवेश घेतला. खोली करून राहते, दोघी जणींत मिळून, त्यामुळे घरापासून चाळीस किलोमीटर का होईना पण लांब आहे. बारा लाखांतले दीड लाख मामांनी तिच्या नावावर ठेव म्हणून टाकले, एम.ए.साठी. बाकीचे कधी नव्हतेच. ती माझ्यावर अजून थोडी नाराज आहे. परवा तिने प्रॅक्टिकलचा फोटो पाठवला: आरशात बघून पेन्सिलीने तारा गिरवायचा, तो जुना प्रयोग. आरसा माझ्या वेळचाच वाटला, कोपऱ्यात तडा गेलेला. खाली लिहिलं होतं, 'बारा लाखांच्या कॉलेजात निदान आरसा नवा असता.'